पडदा कुणाच्या शब्दावर बोलतो?

आधुनिक तेलशुद्धीकरण कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्यांदा गेलेल्या माणसाची बहुधा निराशाच होते. सिनेमांनी डोक्यात भरवलेलं चित्र वेगळं असतं: लुकलुकणारे दिवे, निळ्या-हिरव्या आकृत्या, गरगर फिरणारे पंखे. इथे मात्र सगळे पडदे राखाडी. पाइप राखाडी, पंप राखाडी, टाकी म्हणजे नुसता राखाडी चौकोन. बाजूला काही बारीक उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा मधला भाग जरासा फिकट आणि त्या फिकट भागात एक छोटासा त्रिकोण. त्याशेजारी गेल्या काही तासांच्या वरखाली होणाऱ्या रेषा. भिंतीपलीकडे शेकडो अंश तापमानाचं, पेट घ्यायला टपलेलं द्रव मैलोगणती पाइपांमधून धावत असतं आणि हजारो उपकरणं सेकंदासेकंदाला त्याची खबर पाठवत असतात. पडद्यावर त्यातलं काही घडत असल्याची चाहूलही नाही.

हा कंटाळवाणा राखाडी रंग माणसाला सहज सुचलेला नाही. त्यासाठी काही दशकं लागली, आणि काही माणसं जिवानिशी गेली.

आधी त्या पट्टीचंच पाहू. पडद्यावर नुसतं ‘312 अंश’ असं लिहिलं, तर ते चांगलं की वाईट? ज्याला त्या भट्टीचं योग्य तापमान पाठ आहे, त्यालाच ते कळणार. आणि असे शेकडो आकडे असतील तर शेकडो योग्य मूल्यं पाठ हवीत, पहाटे साडेतीन वाजतासुद्धा. पट्टीचा फिकट भाग ‘इथे असायला हवं’ एवढंच सांगतो. दहा पट्ट्या ओळीने लावल्या आणि सगळे त्रिकोण आपापल्या फिकट भागात असले, तर नजर न अडखळता पुढे सरकते. एक त्रिकोण बाहेर पडला की नजर थेट तिथेच जाते, मोजायला सुरुवात करण्याआधीच. अ‍ॅन ट्रीझमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980च्या सुमारास दाखवून दिलं की रंग किंवा कल यांसारख्या साध्या गुणात वेगळी असलेली एकच वस्तू आपण शोधत नाही, ती आपोआप पुढे येते. भोवती पाच वस्तू असोत की पन्नास, वेळ जवळपास तेवढाच लागतो. पण आजूबाजूचं सगळं एकसारखं असेल तरच ही किमया चालते. दिवाळीच्या रोषणाईत एक जास्तीचा लाल दिवा लागला, तर कुणाचं लक्ष जाणार आहे? म्हणून पडदा राखाडी. लाल आणि पिवळा हे रंग फक्त बिघाडासाठी राखून ठेवायचे, आणि रंगांची गफलत होणारे लोकही कामावर असतात म्हणून रंगाच्या जोडीला आकार आणि क्रमांकही द्यायचा.

आपल्याकडच्या एमआयडीसींमधल्या अनेक कारखान्यांत मात्र अजून चकचकीत त्रिमितीय टाक्या असतात, त्यात निळं पाणी हलत असतं, पंप हिरवेगार होऊन फिरत असतात. असा पडदा विकणाऱ्याला आवडतो, विकत घेणाऱ्यालाही आवडतो. त्याच्यासमोर आठ-आठ, बारा-बारा तास बसणारा माणूस तिसराच असतो. त्यात पुन्हा प्रक्रिया उद्योगात हिरवा म्हणजे चालू, तर वीज क्षेत्रात कित्येक ठिकाणी लाल म्हणजे चालू, कारण तिथे लाल म्हणजे ‘प्रवाह आहे, हात लावू नका’. एकाच कारखान्याच्या आवारात हे दोन्ही पंथ सुखाने नांदताना दिसतात.

संगणक येण्याआधी कंट्रोल रूम म्हणजे एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर तबकड्या, दिवे, आणि कागदावर शाईची रेष ओढत जाणारे रेकॉर्डर. ऑपरेटर त्या भिंतीपुढून फेऱ्या मारायचा. अनुभवी माणसाला भिंतीच्या एकूण रूपावरूनच कळायचं की आज काहीतरी बिनसलंय. काही ठिकाणी तर तबकड्या मुद्दाम तिरप्या बसवत, म्हणजे सगळं सुरळीत असताना प्रत्येक काटा एकाच दिशेला राहील. आकडे वाचायचेच नाहीत, काट्यांची रांग मोडली का तेवढं बघायचं. 1975मध्ये हनीवेलची टीडीसी 2000 आणि योकोगावाची सेंटम या प्रणाली बाजारात आल्या, आणि ती भिंत हळूहळू टेबलावरच्या एका काचेत जाऊन बसली. सोय झाली, पण कारखाना आता पानापानाने दिसू लागला. एक पान उघडलं की बाकीचा कारखाना नजरेआड.

याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, जी त्या वेळी कुणालाच धोक्याची वाटली नाही: अलार्म फुकट झाले. भिंतीवर नवा दिवा लावायचा तर भोक पाडा, वायर ओढा, पैसे मंजूर करून घ्या. साहजिकच प्रत्येक दिव्यावर चर्चा व्हायची. संगणकात चार कळा दाबल्या की अलार्म तयार. मग कशाला कुणी हात आखडता घेईल?

24 जुलै 1994, रविवार. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळच्या टेक्साको शुद्धीकरण कारखान्यावर सकाळी विजांचं वादळ आलं आणि प्रक्रिया विस्कटली. पुढचे सुमारे पाच तास ऑपरेटर ती पुन्हा बसवू पाहत होते. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद होता. नियंत्रण प्रणाली तो उघडा असल्याचं सांगत होती. द्रव आत येत होतं, बाहेर जात नव्हतं. शेवटच्या पावणेअकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म वाजले, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यानंतर सुमारे 20 टन हायड्रोकार्बन बाहेर पडून स्फोट झाला आणि 26 माणसं जखमी झाली. चौकशीत कळलं की त्या विभागात दोन हजारांहून अधिक अलार्म बसवले होते, आणि त्यांतल्या 87 टक्क्यांवर ‘अतिमहत्त्वाचा’ असा शिक्का होता. पाच वर्षांनी ब्रिटिश अभियंत्यांनी अलार्मसाठी जो दंडक लिहून काढला, त्यात एका ऑपरेटरला झेपेल असा वेग सांगितला आहे: सगळं सुरळीत असताना दहा मिनिटांत साधारण एक.

पण मला जास्त विचारात पाडतो तो उघडा दिसणारा बंद व्हॉल्व्ह. कारण त्याची एक जगप्रसिद्ध थोरली बहीण आहे. ती म्हणजे एक दिवा.

28 मार्च 1979, पहाटे चार. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचाला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. टर्बाइन ट्रिप झालं, अणुभट्टीतला दाब वाढला, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह उघडला, काही सेकंदांत अणुभट्टीही आपोआप बंद झाली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा होता. तो अडकला आणि उघडाच राहिला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, आणि दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला, असंच तिथे सगळे समजत होते.

दिव्याची वायर व्हॉल्व्हपर्यंत जातच नव्हती. ती जोडलेली होती व्हॉल्व्हला हुकूम देणाऱ्या विद्युत मंडलाला. ‘मीट’ असा हुकूम गेला की दिवा विझायचा. तो हुकूम व्हॉल्व्हने पाळला की नाही, याची दिव्याला काही कल्पनाच नव्हती. आणखी गंमत म्हणजे हा दिवा मुळात तिथे नव्हताच. वर्षभरापूर्वी हाच व्हॉल्व्ह एकदा उघडा राहिला होता, म्हणून त्यानंतर तो मुद्दाम बसवला होता.

पुढचे दोन तास वीस मिनिटं थंड करणाऱ्या पाण्याची वाफ त्या व्हॉल्व्हमधून निसटत राहिली. पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले. अलार्म छापणारा प्रिंटर एवढा मागे पडला, की एका क्षणी तो अडीच तासांहून जुनी बातमी छापत होता. ज्या टाकीत ते पाणी जमत होतं, तिचा दाब दाखवणारी तबकडी पॅनेलच्या मागच्या बाजूला होती. व्हॉल्व्हनंतरच्या पाइपाचं तापमान चढलेलं दिसत होतं; पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळायचा, त्यामुळे तिथे आकडा चढलेला असणं ही रोजचीच बाब होती. आणि अणुभट्टीच्या पात्रात पाणी किती आहे, हे थेट दाखवणारं एकही उपकरण नव्हतं. ते शेजारच्या दुसऱ्या पात्रातल्या पातळीवरून ओळखायचं. भट्टीत वाफ साठत गेली तशी तिने पाणी त्या दुसऱ्या पात्रात ढकललं, तिथली पातळी वर चढली आणि ऑपरेटरांना वाटलं पाणी जास्त झालंय. त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला. सव्वासहाच्या सुमारास नव्याने आलेल्या एका पर्यवेक्षकाने संशयावरून दुसरा व्हॉल्व्ह बंद करवला, तोवर एक तृतीयांशाहून अधिक पाणी निघून गेलं होतं. गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

पुढे या केंद्राची पाहणी करायला बोलावलेल्या तज्ज्ञांत डोनाल्ड नॉर्मन हे मानसशास्त्रज्ञ होते. ऑपरेटर चुकले, असं म्हणण्यापेक्षा ते पॅनेलच असं रचलंय की माणूस चुकायलाच हवा, असा त्यांचा रोख होता. नंतर वस्तूंच्या रचनेवर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकात एका दुसऱ्या अणुवीज केंद्राचा फोटो आहे. तिथे एकसारख्या दिसणाऱ्या मुठींनी वैतागलेल्या ऑपरेटरांनी दोन दांड्यांवर वेगवेगळ्या ब्रँडच्या बिअरच्या नळांच्या मुठी बसवल्या आहेत. बिनपरवानगीचा हा उद्योग मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात बी-17 विमानांचे वैमानिक उतरल्यावर पंखांच्या फ्लॅपऐवजी चाकं आत ओढून घ्यायचे, कारण दोन्ही खटके शेजारी आणि सारखेच. आल्फोन्स चापानिस यांनी चाकांच्या खटक्यावर रबरी चाक आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचर बसवली. आजही विमानात चाकांचा खटका चाकाच्याच आकाराचा असतो. डोळे दुसरीकडे असले तरी हाताला कळतं.

2005 साली 23 मार्चला टेक्ससमधल्या बीपीच्या टेक्सस सिटी कारखान्यात आणखी वेगळा प्रकार घडला. 170 फुटी एक टॉवर सुरू करताना त्यात तीन तास द्रव भरत राहिलं आणि बाहेर जवळपास काहीच गेलं नाही. आत किती येतंय हा आकडा पडद्याच्या एका पानावर, बाहेर किती जातंय हा दुसऱ्या पानावर. दोन्हींची वजाबाकी कुठेच नाही. पातळी मोजणारं उपकरण टॉवरच्या फक्त तळच्या काही फुटांसाठी होतं. ते केव्हाच पूर्ण बुडालं होतं. द्रव तापून हलकं झालं तसतशी त्यातल्या तरंगकाची उभारी घटली, आणि पडद्यावरची पातळी हळूहळू कमी होताना दिसू लागली. पडदा 7.9 फूट म्हणत होता, तेव्हा आत सुमारे 158 फूट द्रव होतं. स्फोटात 15 माणसं गेली. पडद्यापुढचा ऑपरेटर सलग 29 दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होता.

दोन आकडे वेगळे ठेवले तर माणसाने वजाबाकी करायची. ते एका चित्रात आणले तर वजाबाकी दिसते. यंत्रांच्या जगात ही युक्ती जुनी आहे. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने 1796च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला एक पेन्सिल जोडली. सिलिंडरमधल्या दाबाबरोबर ती वरखाली व्हायची आणि दट्ट्याबरोबर कागद सरकायचा. प्रत्येक फेरीला कागदावर एक बंद आकृती उमटायची आणि त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे त्या फेरीत इंजिनाने केलेलं काम! झडप उशिरा उघडली तर आकृतीचा कोपरा झिजलेला दिसायचा. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी ही युक्ती कित्येक वर्षं गुपित ठेवली होती. तिच्यात काय दडलंय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांना सुरक्षेची मुख्य स्थिती एका नजरेत दिसेल असा पडदा ठेवणं बंधनकारक झालं. त्यातल्या एका प्रकारात आठ राशी आठ आऱ्यांवर मांडलेल्या असतात, आणि प्रत्येकीचं माप असं जुळवलेलं, की सगळं ठीक असताना नीटस अष्टकोन दिसावा. बिघाड झाला की अष्टकोन वाकडा होतो, आणि वेगवेगळे बिघाड तो वेगवेगळ्या तऱ्हांनी वाकडा करतात. अणुऊर्जा नियामक आयोगातल्या लिओ बेल्ट्राची यांनी 1987मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. पाणी आणि वाफ यांची सीमा दाखवणारा घुमटाकार आलेख प्रत्येक मेकॅनिकल इंजिनिअरने कॉलेजात गिरवलेला असतो. त्यांनी चालू केंद्राची सगळी स्थिती त्याच घुमटावर मांडली. भट्टीतलं पाणी उकळू लागलं की बिंदू सरळ घुमटात शिरताना दिसणार. 1979च्या त्या पहाटे नेमकं हेच कळायला हवं होतं.

अशा पडद्यांनी खरंच फरक पडतो का? कॅनडातल्या नोव्हा केमिकल्सच्या इथिलिन कारखान्यात जुने रंगीत पडदे आणि नवे राखाडी पडदे यांची तुलना सिम्युलेटरवर झाली. अलार्म वाजण्याआधीच बिघाड ओळखण्याचं प्रमाण जुन्या पडद्यांवर 10 टक्के होतं, नव्यांवर 48. ऑपरेटर प्रशिक्षित, बिघाड तेच, बदलला होता फक्त पडदा.

मात्र राखाडीच्या या कौतुकात एक फट आहे. सगळं शांत आहे म्हणून पडदा शांत आहे, की पडदाच मेलाय?

14 ऑगस्ट 2003. ओहायोतल्या फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधलं अलार्मचं सॉफ्टवेअर दुपारी 2 वाजून 14 मिनिटांनी एका दडलेल्या दोषामुळे अडकलं. ते अडकल्याचा अलार्म नव्हता. बाहेर एकामागून एक वाहिन्या झाडांना टेकून ट्रिप होत होत्या, शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, आणि ऑपरेटरांना फोनवरचं बोलणं पटेना, कारण पडद्यावर काहीच नव्हतं. चारनंतर अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

या प्रश्नाचं उत्तर उपकरणवाल्यांनी फार पूर्वीच शोधलं होतं, आणि मला ते या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. तुम्ही लोट्याच्या, कुरकुंभच्या, तळोज्याच्या कुठल्याही कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंटवाल्याला विचारा: टाकी रिकामी असेल तर मापक किती प्रवाह पाठवतो? तो म्हणेल, 4 मिलिअँपिअर. भरलेली असेल तर 20. शून्यापासून का नाही? कारण मग तुटलेली वायर आणि रिकामी टाकी सारखीच दिसली असती. टाकीत थेंबही नसला तरी ती 4 मिलिअँपिअरच्या आवाजात सांगते, ‘मी इथे आहे आणि रिकामी आहे.’ प्रवाह 3.6च्या खाली गेला तर टाकीची बातमीच येत नाहीये, असं धरायचं. त्याआधी हवेच्या दाबावर चालणाऱ्या उपकरणांतही हीच रीत होती: 3 ते 15 पीएसआय. आजच्या चांगल्या पडद्यावर प्रत्येक आकड्याला अशीच आणखी एक बारीक खूण असते: हा आकडा आत्ताचा आहे की शिळा, मोजलेला आहे की हिशेबाने काढलेला, की कुणी हाताने भरलेला. जो पडदा हे सांगत नाही, त्याच्या देखणेपणावर माझा विश्वास बसत नाही.

आणि एक आकडा तर असा आहे, जो कुणा डिझायनरला घडवावाच लागला नाही. वीज भारप्रेषण केंद्राच्या भिंतीवर देशभरातल्या वाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं, पण बसलेल्यांची नजर पुनःपुन्हा जाते ती वारंवारितेकडे: 50.00, 49.98, 50.02. देशाची विजेची मागणी निर्मितीपेक्षा वाढली की सगळी जनित्रं जराशी मंदावतात आणि आकडा घसरतो. मागणी घटली की चढतो. 31 डिसेंबर 2013ला रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून चंद्रपूरची मिनिटाला 3000 फेरे घेणारी जनित्रं आणि तमिळनाडूतली तशीच जनित्रं एका तालात फिरतात. हा आकडा पाठवलेला हुकूम नसतो, हजारो टन फिरत्या पोलादाने स्वतः दिलेली खबर असते.

5 एप्रिल 2020ला रात्री नऊ वाजता लोकांनी नऊ मिनिटं घरातले दिवे मालवले, तेव्हा याच आकड्याकडे डोळे लावून बसावं लागलं. मागणी 12 ते 14 हजार मेगावॉटनी घटेल असा अंदाज होता; प्रत्यक्षात ती 31 हजारांहून अधिक मेगावॉटनी कोसळली. कोळशाचे संच एवढ्या झपाट्याने उतरवता येत नाहीत, म्हणून जलविद्युत केंद्रांनी साडेसतरा हजार मेगावॉटची निर्मिती उतरवली आणि दिवे लागताच पुन्हा चढवली. वारंवारिता 49.70 आणि 50.26 यांच्या मध्येच राहिली. तो आकडा दिल्लीच्या केंद्रात जसा दिसत होता, तसाच त्या क्षणी सावंतवाडीच्या एखाद्या स्वयंपाकघरातल्या प्लगमध्येही होता, आणि हजारभर रुपयांच्या मीटरवर कुणालाही वाचता आला असता.